पुढे कोणी जायचं नाही

“शोकसभेला धावायचे बूट घालून कोण येतं गं? करंगळी सोलून निघाली माझी,” काकू नातीच्या कानाशी पुटपुटली.

“आजोबांची इच्छा होती, काकू.”

“इच्छा! गेले तरी मेला जाच काही गेला नाही.” आणि दारातून पाहुणे आत येताना दिसले तशी काकूने लगबगीने रुमाल डोळ्यांना लावला.

सभा दुकानातच होती. आजोबांचा धंदा वजनकाट्यांचा. बाकीचे काटे भिंतीकडे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, पण पोती तोलायचा मोठा काटा जमिनीत बसवलेला. तो कुठला हलायला! मग माईक त्याच्यावरच ठेवला. जो बोलायला उभा राही, त्याचं वजन भिंतीवरच्या तबकडीत सगळ्यांना दिसे. दुःखाच्या प्रसंगीही माणसं आधी आकडा बघत, मग मान हलवत.

आजोबा असते तर खूश झाले असते. दर रविवारी ते अख्ख्या घराला याच काट्यावर चढवत आणि काकूचा आकडा रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात वाचत. गिऱ्हाईकं हसत. काकूही हसे, न हसून सांगते कुणाला?

नातीवर मात्र त्यांचा जीव. ती म्हणेल ती पूर्व दिशा. खांद्यावर बसवून त्यांनी तिला मैदानाच्या फेऱ्या घडवल्या होत्या, अंगावर येणाऱ्या वाऱ्याची तिची भीती घालवली होती. ती नोकरीला परगावी, म्हणून शेवटच्या सकाळी तेवढी नव्हती. आज शेवटचं भाषण तिचं होतं, आणि आजोबा नेमके कसे गेले हे तिला कुणी धड सांगत नव्हतं. काका म्हणे, “धावता धावता गेले, सोनं झालं.” बाबांना विचारलं की ते फडकं घेऊन काटे पुसायला लागत.

घरची रीत तिला ठाऊक होती. रोज सकाळी आजोबा, बाबा आणि काका तळ्याभोवती शर्यत लावत, आणि जिंकत आजोबाच. लहानपणी बाबा एकदा पुढे गेले, तर अख्खा उन्हाळा आजोबांनी त्यांच्याशी अबोला धरला. तेव्हापासून दोघं भाऊ हरायला शिकले. म्हातारपणी आजोबांची चाल गोगलगायीची झाली, तशी यांनीही आपली केली. दोन धडधाकट बाप्ये म्हाताऱ्यामागे मुंगीच्या पावलांनी, वर धाप लागल्याचं सोंग! तळ्याकाठची माणसं तोंड फिरवून हसत. आणि आजोबा दुकानात येऊन गिऱ्हाइकांना सांगत, “आमची पोरं म्हणजे नुसती खोगीरभरती. या वयातही मी त्यांच्या हाती लागत नाही.”

आजोबांच्या धावण्याच्या क्लबचे अध्यक्ष “देवमाणूस, देवमाणूस” म्हणत गहिवरून उतरले. मग नात चढली. मागे काटा हलला.

“आजोबा धावता धावता गेले,” ती म्हणाली. “त्यांना काही कळलंही नाही. आणि दोन्ही मुलगे जवळ होते, याचंच मला समाधान आहे.” ती बाबांकडे वळली. “जवळच होतात ना, बाबा?”

त्यांनी नुसती मान हलवली असती तरी तिला पुरलं असतं. बाबा उभे राहिले.

“खाली बस, दादा,” काकाने त्यांची बाही ओढली. “लोक आहेत.”

“असू देत.” बाबांनी बाही सोडवून घेतली. “जवळच होतो, बाळा. हाताच्या अंतरावर. ते गुडघ्यावर बसले, छाती धरली, मागे वळून आमच्याकडे हात केला. आम्ही जागच्या जागी थांबलो. पुढे जायची सवयच नव्हती, असं आम्ही दोघं एकमेकांना सांगतो. काका तुझा कदाचित त्या सवयीनेच थांबला असेल. मी नाही. जन्मात पहिल्यांदा ते हरत होते, आणि मला ते शेवटपर्यंत बघायचं होतं.”