काटेवाल्याची एअरो सायकल

दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस कोणतीही वस्तू आधी उचलून बघतो. लग्नापूर्वी त्याने बायकोला तेवढं उचलून पाहिलं नाही, हाच काय तो संयम. बायकोबरोबर नवी सायकल घ्यायला निघाला तोही खिशात स्प्रिंगचा काटा घालून.

रविवारी नवरा-बायको नदीकाठच्या सपाट रस्त्याने सायकली हाणत. ती पुढे जाई, थांबे. हा धापा टाकत पोचे. आता तिथल्या चपळ सायकलवाल्या मंडळींच्या म्होरक्याने तिला गळ घातली होती, ‘ताई, आमच्यात या, वेग फुकट घालवताय.’ तिने अजून हो-नाही केलं नव्हतं. काटेवाला मात्र त्याच दिवशी वेगवान सायकलीच्या शोधाला लागला होता. आठवड्याचे बाकीचे दिवस बायको भेटे ती बिलं आणि किराण्यापुरती. रविवार गेला की संपलंच!

दुकानवालीने त्याच्या ऐपतीतल्या दोन सायकली काढल्या. एक हलकी, साधी. दुसरी एअरो, म्हणजे चपट्या नळ्यांची, वारा कापत जाणारी. पठ्ठ्याने दोन्ही काट्याला टांगल्या.

बायको म्हणाली, “अहो, सायकल घेताय की बोकड?”

“एअरो जड भरतेय,” तो विजयी सुरात म्हणाला. “जास्त पैसे देऊन जास्त ओझं?”

“काका, वजन चढावर नडतं. सपाटीवर नडतो वारा,” दुकानवाली हसली. “चालवून तर बघा.”

गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर तो एअरोवर वाकला आणि सुटलाच. आपल्या सायकलवर बरोबर निघालेली बायको मागे पडली. असं कधी झालं नव्हतं! पण लगेच त्याने मान वर काढली, छाती ताठ केली, मागे पाहिलं. वेग गेला पाण्यात. पुन्हा वाकला, पुन्हा उठला.

“काका, असं सारखं उठून बसलात तर एअरोचा उपयोग काय?” तो परतल्यावर दुकानवाली म्हणाली.

“ही काय म्हणते ते वाकून ऐकू येत नाही,” तो ओशाळून म्हणाला. मग बायकोकडे न बघता, “तू जा त्यांच्यात. मी आपला हलकीच घेतो, एकटा फिरेन.”

“तुम्ही ठरवणार का मी कुठे जायचं ते?” ती फिस्कारली आणि दुकानवालीकडे वळली. “एअरोच द्या. हँडल वर घेता येतं ना?”

“येतं, पण ताई, अर्धा फायदा जाईल हो!”

“उरलेला अर्धा आम्हाला पुरे.”

दुकानवालीने कपाळाला हात लावला आणि हँडलखाली जाड कड्या चढवल्या.

पुढच्या रविवारी चपळ मंडळी माना खाली घालून शेजारून सूं करून गेली. म्होरक्याने हाक मारली, “ताई, येताय ना?” ताई मोठ्या जावेचा पडदे-खरेदीचा किस्सा सांगत होत्या, त्यांनी हाताने ‘पुढे व्हा’ एवढंच खुणावलं.

“आणि वहिनी रडायलाच लागल्या,” ती म्हणाली.

“रडल्या नाहीत. शिंकल्या. मी होतो तिथे.”

तिने चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत चालत्या सायकलीवर तिची चूक काढण्याइतका दम त्याच्यात कधी उरला नव्हता.

“रडल्या!” असं म्हणून तिने रागाने पायडल दाबलं. तो शेजारीच होता.

“शिंकल्या,” तो म्हणाला.