नीतूताईने काढलेलं कार्ड

"ताई, तुले जीजाजी मारते का?"

हे ताईला तोंडावर विचारून दाखव, अशी शर्त मोना आणि रीनाने माझ्याशी लावली होती. मधल्या सुट्टीत मी वर्गात भविष्य सांगायची टॅरोची कार्डं मांडून बसते. अकरावीच्या पोरी माझ्यापुढे लाईन लावतात. त्यामुळे महिनाभरापासून मला वाटायला लागलंय की आपण कोणालाही काहीही विचारू शकतो, आणि तसं मी सगळ्यांसमोर बोललेसुद्धा. मोना भिलाई-३ मध्ये ताईच्या सासरच्याच गल्लीत राहते. ती म्हणाली, "इतना दम है तो अपनी दीदी से पूछ ना, उन्नती. हमारे घर तक आवाज आती है."

लाईनमधल्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मी हसले. शर्त घेतली.

तीजा, म्हणजे इकडची हरतालिका, दोन दिवसांवर आला होता. आम्ही मूळचे गोंदियाकडचे, पण तीस वर्षं इथं भिलाईत राहून तीजा आमचाही झालाय. लग्न झालेल्या पोरीला माहेरचं माणूस न्यायला जातं आणि सासरचे कितीही तिरसट असोत, त्या दिवशी नाही म्हणत नाहीत. न्यायला जातो भाऊ. आम्हाला भाऊ नाही, आणि बाबांची स्टील प्लांटमध्ये सकाळची ड्यूटी होती.

"मी जाते," मी म्हटलं.

"तू भाऊ आहे काय?" आई म्हणाली.

"भावापेक्षा भारी आहे!" आणि कार्डं पर्समध्ये टाकून मी निघाले.

ताई घरी एकटीच होती. तिची सासू मैनाबाई शेजारी गेली होती, आणि जीजाजी हथखोजच्या कारखान्यातून जेवायला यायचे होते. पलंगावर मांडी घालून मी शर्तीचा प्रश्न विचारून टाकला.

ताई रागावली नाही. म्हणाली, "तुझी ती कार्डं आणली का? काढू दे एक."

मी पिसली. तिनं डाव्या हातानं एक ओढलं. लाल हृदय, त्यात आरपार घुसलेल्या तीन तलवारी, मागे काळे ढग. थ्री ऑफ स्वोर्ड्स. माझी टकळी सुरू झाली. "दुःखाचं कार्ड आहे, पण घाबरायचं नाई. मन मोकळं करायचं, जुनं सोडून द्यायचं, मग..." शाळेत एवढं ऐकून पोरी रडतात आणि नंतर मला समोसा खाऊ घालतात.

"थांब," ताई म्हणाली. "हे मी सांगते."

तिनं एका तलवारीवर बोट ठेवलं. "हा पट्टा. बकलाकडून." ब्लाऊजची बाही वर केली. दंडावर बकलाचा चौकोन उमटला होता, जांभळा, कोपऱ्यांसकट. मग उजवा हात पदराखालून काढला. दोन बोटं फुगून काळी पडली होती. "हे दार. यात बोटं धरून लोटलं. परवा."

तिसऱ्या तलवारीवर तिचं बोट नुसतंच फिरत राहिलं.

"आन् हे?" मी विचारलं.

"हे तुमी लोकं. दोन डाव पळून आली मी. दोन्ही डाव बाबांनी स्कूटरवर बसवून वापस आणून सोडलं. तू ट्यूशनले गेली होती."

मला सांगितलं होतं की ताई पापड न्यायला आली होती. दोन्ही वेळा पापड. आणि मी, सगळ्या शाळेचं भविष्य सांगणारी, विश्वास ठेवून बसले होते.

दारात मैनाबाई उभी होती. ती कधी आली कळलंच नाही. तिची नजर कार्डावर पडली आणि चेहरा फिरला.

"हा कलेजा कोनाचा आहे? कोनाच्या कलेजात खुपसून राहिल्या तुमी?"

"काकू, हा खेळ आहे. मी ऑनलाईन मागवला..."

"टोना करून राहिली! माह्या पोरावर! टोनही आहे टोनही!"

टोनही म्हणजे चेटकीण. आमच्याकडे हा शब्द एकदा एखाद्या बाईला चिकटला की शेजारपाजारचेही तिच्यावर हात उचलतात. कार्ड हिसकावून मैनाबाई अंगणात जाऊन तो शब्द ओरडत होती. तेवढ्यात जीजाजींची गाडी थांबली. मैनाबाईनं कार्ड त्यांच्या तोंडापुढे नाचवलं. त्यांनी एक शब्द विचारला नाही. आत येऊन हातातलं हेल्मेट सरळ ताईच्या कानशिलावर हाणलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. वेणी धरून त्यांनी तिला अंगणात ओढत नेलं आणि तिचं डोकं नळाच्या ओट्यावर आपटलं. एकदा. मग परत.

"बोल, कोनी शिकवलं! बोल!"

"ती माझी कार्डं आहेत! माझी!" मी घसा फोडून ओरडत होते. भूपेंद्र जीजाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कार्डं कोणाची, याच्याशी त्यांना घेणंच नव्हतं. रोज जे करत होते त्याला आज एक नाव मिळालं होतं, बस.

भिंतीवरून डोकी वर आली. मोबाईल वर आले. खाली कोणीही उतरलं नाही.

मैनाबाई चुलीतला तापलेला चिमटा घेऊन धावत आली. "जीभ डाग तिची! मंतर म्हणते!"

पाट्याशेजारी वरवंटा पडला होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि जीजाजींच्या गुडघ्यावर घातला. हाड वाजलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हणून परत घातला. ते आडवे झाले. चिमटा माझ्या मनगटाला लागून कातडी चरचरली, पण तोवर मी ताईला काखेत धरून फाटकाबाहेर काढलं होतं. ऑटोत माझी अख्खी ओढणी तिच्या कानाच्या रक्तानं भिजली.

घरी आईनं ताईच्या जखमेवर हळद दाबली. बाबा ड्यूटीवरून आले, तेव्हा त्यांच्या मोबाईलवर मैनाबाईचा फोन सुरू होता. ते बाहेर जाऊन अर्धा तास बोलले.

"तीजा होऊ दे," आत येऊन ते म्हणाले. "मग उन्नतीनं जाऊन पाया पडायचं, कार्डं त्यांच्यासमोर जाळायची. ते नीतूले ठेवून घेतील म्हणतात."

"कावून नेलं व ते खेळणं तिथं?" आई मला म्हणाली. "चांगलं चाललं होतं पोरीचं."

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

कार्डं मी नेली, हे खरंच होतं. त्याचं मला आयुष्यभर वाईट वाटेल. पण "चांगलं चाललं होतं" ऐकलं आणि मी उठून ताईच्या चपला तिच्याजवळ आणून ठेवल्या.

"बाबा, मी पाया पडणार नाई," मी म्हटलं. "मी ताईले आत्ता दवाखान्यात नेऊन राहिली, आणि तिथून दुर्गच्या महिला ठाण्यात. टोनही म्हणणं गुन्हा आहे. मी समोर होती, मी सगळं लिहून देईन. वरवंटा मी मारला, तेबी लिहीन. माझ्यावर केस झाली तर होऊ द्या."

"अन् लोकं का म्हणतील?" आई म्हणाली.

"लोकं भिंतीवर उभं राहून व्हिडिओ काढून राहिले होते, आई. अन् ठाण्यात विचारलंच, की याच्या आधी हे कोनाले माहीत होतं, तर मी तुमा दोघांचं नाव सांगीन."