दर अडखळीला एक घंटा

आमच्या वक्तृत्व क्लबात बक्षिसं नाहीत, घंटा आहे. हॉटेलच्या काउंटरवर असते तसली, वरून टिचकी मारली की वाजणारी. दर मंगळवारी सकाळी कॅफेच्या मागच्या खोलीत पॅनकेक खाता खाता कोणीतरी उठून भाषण करतं, आणि भाषण करणारा ‘अं’ म्हणाला की मी घंटा वाजवते. विमा विकण्यात माझा जन्म गेला. गिऱ्हाइकासमोर अडखळला तो संपला, असं माझं ठाम मत. घंटेचं काम मी हौसेने मागून घेतलं होतं.

आर्लन क्वाम क्लबात आला आणि माझी चंगळ झाली. आर्लन बोअर मारतो. मिनेसोटाच्या आमच्या या कोपऱ्यातली निम्मी घरं त्याच्याच बोअरचं पाणी पितात. पण आता शहरातली एक कंपनी गोड बोलणारी माणसं पाठवून त्याची कामं पळवत होती. तळ्याकाठच्या बंगलेवाल्यांना जमीन गोठायच्या आत नवी बोअर हवी होती. चर्चच्या हॉलमध्ये आर्लनने आणि कंपनीच्या माणसाने येऊन बोलायचं आणि मग बंगलेवाल्यांनी निवडायचं, असं ठरलं होतं. हे काम गेलं तर बोअरची गाडी विकून म्हातारपणी दुसऱ्याच्या हाताखाली राबावं लागेल, असं आर्लनने पहिल्याच दिवशी सांगितलं. तो तेवढं सांगत असताना मी इतक्या वेळा घंटा वाजवली, की कुणीतरी बोलावतंय असं वाटून कॅफेवाली दोनदा कॉफी घेऊन आत आली.

तो खरा अडायचा तो एकाच प्रश्नावर. “पाणी लागेल का?” असं कोणी विचारलं, की तो खाली फरशीकडे बघायचा. “अं... तिथे... अं... खाली खडक कसा आहे त्यावर...” मी टिंग टिंग करत राहायचे. एकदा तो वैतागून म्हणाला, “अगं मार्लिस, विचार तरी करू देशील का?”

“विचार घरी करायचा. इथे उत्तर द्यायचं,” मी म्हणाले. सगळे हसले, तोही हसला.

माणूस जिद्दीचा. ट्रकमध्ये एकटाच बोलत जायचा, बायकोला समोर बसवून प्रश्न विचारायला लावायचा. पानगळ संपेपर्यंत तो असा सुधारला की माझी घंटा पर्समधून बाहेर येईना. चर्चच्या हॉलमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. आर्लनने प्रत्येकाच्या डोळ्यांत बघितलं, नावं घेतली, वेळेत संपवलं. “पाणी लागेल का?” या प्रश्नावर तो क्षणभरही थांबला नाही. “आमचा अनुभव हीच आमची खात्री,” तो म्हणाला. ते वाक्य मीच त्याला करून दिलं होतं. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

काम शहरवाल्यांना मिळालं.

दोन दिवसांनी किराणा दुकानात हेझल ब्रांडवोल्ड भेटली. बंगलेवाल्यांची पुढारी तीच. मी भांडायच्याच तयारीने तिच्याकडे गेले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माझ्या वडिलांची बोअर आर्लननेच मारली होती. पाणी लागेल का विचारलं, तर तो जमिनीकडे बघत कितीतरी वेळ अं-अं करत राहिला. शेवटी म्हणाला, सांगता येत नाही. त्याच दिवशी माझा त्याच्यावर विश्वास बसला. परवा तो अगदी त्या शहरवाल्यासारखा बोलला. दोघं सारखेच, तर मग मोठं मशीन घेतलं आम्ही.”

मी हातातली पावाची लादी तिथेच ठेवून घरी आले. त्याचं ते थांबणं म्हणजे त्याची उभ्या आयुष्याची कमाई होती, आणि मी ती एकेका टिचकीने उडवली होती. मंगळवारी त्याला सगळं स्पष्ट सांगायचं, काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

मंगळवारी आर्लन माझ्या आधी येऊन बसला होता. माझ्यासाठी त्याने अ‍ॅपल पाय मागवून ठेवला होता. “तू खूप कष्ट घेतलेस माझ्यावर,” तो म्हणाला. “आता खरं सांग. माझं कुठे चुकलं? बोअरच्या गाडीला गिऱ्हाईक आलंय. पण चूक सुधारण्यासारखी असेल तर मी इतक्यात विकत नाही.”

“आर्लन,” मी म्हणाले, “अं...”

त्याने हातातला चमचा कपावर वाजवला. टिंग. आणि मोठ्याने हसला. कधी नव्हे ती मी सापडले होते. आजूबाजूचेही हसले.

मीही हसले. मग माझी जीभ तीस वर्षांच्या सवयीने आपोआप चालू लागली. “तुझं काहीच चुकलं नाही. भाषण फार सुंदर झालं. त्यांना मोठं मशीन हवं होतं, एवढंच.”

कुठे म्हणून अडखळले नाही. आर्लन माझ्याकडे बघत होता. चमचा अजून त्याच्या हातातच होता. माझी जीभ एकदा जरी अडली असती, तरी त्याने ओळखलं असतं.

“मशीनच असेल तर मग बोलणंच संपलं,” तो म्हणाला. चमचा बशीत ठेवून, गिऱ्हाइकाला फोन लावायला तो बाहेर गेला.