कुंपणाबाहेरची गळती

ताईच्या घरामागे तेलाची विहीर होती. विहीर म्हणजे जाळीचं कुंपण, आत नळांचा गुंता आणि दिवसभर मान खालीवर करणारा पंप. "विहीर म्हटली की घोटभर पाणी तरी हवं. ही नुसतं डोकं उठवते," ताई म्हणायची. वर्षभर घरात वास येत होता. भावोजींना उठता-बसता चक्कर यायची, अन्नावरची वासना उडाली होती.

धाकटी बहीण सरकारी तपासनीस होती. विहिरींवरची वायुगळती शोधणं हेच तिचं काम. डोळ्यांना न दिसणारा वायू तिच्या कॅमेऱ्यात काळ्या धुरासारखा दिसे. या विहिरीची तपासणी तिच्याकडे आली, तेव्हा तिने साहेबांना आधीच सांगितलं, "तिथे माझी बहीण राहते. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरं आहे कोण?" रिकाम्या खुर्च्यांकडे हात करत साहेब म्हणाले.

पहिल्याच फेरीत एका व्हॉल्व्हमधून धूर निघताना दिसला. कंपनीचा सुपरवायझर भला माणूस. "महिनाभरात बदलतो मॅडम, नियमच आहे." सुटा भाग वेळेवर आला नाही. मुदत वाढवून मिळाली. तीही नियमातच बसत होती. तोवर भावोजींनी अंथरूण धरलं.

अखेर व्हॉल्व्ह बदलला. धाकटीने पुन्हा कॅमेरा लावला. धुराचा मागमूस नव्हता. तिला हायसं वाटलं. कॅमेरा बंद करायच्या आत ती सहज ताईच्या घराकडे वळली आणि जागीच थबकली. कुंपणाबाहेर, मातीच्या भेगांतून काळी रेघ वर येत होती आणि वाऱ्याबरोबर कलून सरळ ताईच्या घरात शिरत होती.

सुपरवायझरने कॅमेऱ्यातून बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "यंत्रातली गळती असती तर आजच्या आज माणसं लावली असती. ही जमीन आहे, मॅडम. वरचे मला विचारतील, कुठल्या नियमाखाली खणलंस?"

साहेबांनीही तेच सांगितलं. "नियमात यंत्रसामग्री आहे, जमीन नाही. ती घ्या म्हणून मी वर दोनदा कळवलंय. हूं नाही की चूं नाही."

संध्याकाळी तिने ताईला कॅमेऱ्यातून दाखवलं.

"हे आमच्या घरात येतं?"

"हो."

"मग बंद कर ना!"

"माझ्या हातात नाही गं."

"मग कुणाच्या हातात आहे?"

धाकटीने कॅमेरा बंद केला. ती म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्याकडे चला. घर भाड्याने देऊन टाक."

"कुणाला देऊ? कडेवर लेकरू घेऊन कुणी आलं तर त्याला काय सांगू?" ताई चिडून म्हणाली. "तसलं पाप नको माझ्या माथी."

शेवटी घराला कुलूप लागलं. धाकटीच्या दोन खोल्यांत तिघं राहू लागली. भावोजींची चक्कर कमी झाली, पण आपलं घर सुटल्यापासून ते अबोल झाले. खुर्ची दाराकडे वळवून बसून राहत.

पुढच्या तपासणीला धाकटी एकटीच गेली. यंत्रं ठाकठीक होती. 'गळती नाही' असं लिहून तिने सही केली. मातीतली रेघ मात्र आता जाड झाली होती.

ती घरी आल्यावर ताईने विचारलं, "तिकडे आमच्या शेजारचं घर रिकामं होतं. आलं का कुणी?"

"आलंय. नवराबायको आहेत. बाळ आहे."

"मग? सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं. कॅमेऱ्यातून दाखवलंसुद्धा. बाळाची आई म्हणाली, 'वास येतो खरा, पण एवढ्यात दुसरं घर कुठलं मिळायला? आणि सरकार तपासणी करतंच की.'"

ताईने धाकटीच्या हातातली पिशवी घेतली आणि आत जाऊन भावोजींच्या औषधाची बाटली शोधू लागली. धाकटी बराच वेळ तशीच उंबऱ्यात उभी राहिली.