माझ्या ब्रेकसाठी शोधलेला शब्द

मित्रांनो, बटण कोणी दाबायचं यावरून तुम्ही जिच्यात भावंडांशी भांडता, तिच्याच जातीची मी एक म्हातारी लिफ्ट आहे. पाच मजल्यांच्या इमारतीत माझा सगळा जन्म गेला आहे. माझं दार जाळीचं आहे, आरसा कोपऱ्यात तडकलेला आहे आणि आरशाखाली चौकटीत एक कार्ड लावलेलं आहे. त्या कार्डावरच्या एका शब्दाबद्दल मला बोलायचं आहे.

आधी माझी थोडी ओळख करून देते. लोकांना वाटतं, लिफ्ट बिघडली की धाडकन खाली पडते. तसं नसतं. माझ्या दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाची वजनं लटकतात आणि मी रिकामी असते तेव्हा ती माझ्यापेक्षा जड असतात. एकदोन माणसांच्या वेळीही ती मला वरच ओढत असतात. मग मला जागेवर कोण धरतं? गच्चीवरच्या खोलीत माझं मोठं चाक आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी चावून बसलेला ब्रेक आहे. तो धरतो म्हणून मी थांबते. बाकी माझी ऐट सगळी वरवरची.

तरुणपणी माझा फार मान होता. घरात पाहुणे आले की पोरं त्यांना आधी मला दाखवायची आणि मग चहाला न्यायची. तेव्हा माझी देखभाल एक मेस्त्री करायचे. ते शिव्या घालायचे, विड्या ओढायचे, पण कामात हयगय नव्हती. दर काही महिन्यांनी ते माझ्यात लोखंडी वजनं भरायचे, मला सोडायचे आणि मध्येच वीज तोडायचे. मी किती घसरले ते बोटांनी मोजायचे. मग मला रिकामी करून पुन्हा तेच. सगळा दिवस त्यात जायचा आणि रहिवासी कुरकुरत जिने चढायचे. संध्याकाळी मेस्त्री कार्डावर सही करायचे. त्यावर छापलेलं असायचं, ‘ब्रेक टेस्ट कॅरीड आउट’, म्हणजे ब्रेकची चाचणी केली. मेस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. चाचणी केली की सही करायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मेस्त्री थकले, घरी बसले. देखभालीचं काम एका नव्या कंपनीकडे गेलं. तिचे मालक माझ्यात पाऊल टाकायचे आणि त्यांच्या अत्तराचा वास दुपारपर्यंत जायचा नाही, म्हणून मी त्यांना अत्तरवाले म्हणते. त्यांनी एक कारागीर पाठवला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यामागे दिवसाला इतक्या इमारती लावलेल्या की बिचारा धापा टाकतच यायचा. यायचं, दिसेल तिथे तेल घालायचं, पुढच्या इमारतीत पळायचं. तेल ओघळत ओघळत ब्रेकवर उतरलं. तेलकट हातात काही धरून बघा, म्हणजे माझं काय झालं ते कळेल.

तरी त्या कारागिराने एक केलं. चाचणी झालेली नाही, मी सही करणार नाही, असं त्याने अत्तरवाल्यांना माझ्यासमोर सांगितलं. अत्तरवाल्यांनी चाचणीला वेळ द्यायचा सोडून नवं कार्ड छापायचं ठरवलं.

इथे चौथ्या मजल्यावरच्या बाई येतात. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. यजमानांचं अर्धं अंग गेलं तशी त्यांनी नोकरी सोडली. तेव्हापासून त्यांना लोक एकच विचारायचे, कसं आहे आता त्यांचं? म्हणून अत्तरवाल्यांनी लिफ्टमध्ये नमस्कार करून, मॅडम, एका इंग्रजी शब्दासाठी तुमची मदत हवी होती, असं म्हटलं तेव्हा बाईंचा चेहरा मी आरशात पाहिला. इतक्या वर्षांत तो असा उजळलेला पाहिला नव्हता.

त्या दिवशी त्या आपला मजला सोडून पाचव्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. ‘परफॉर्म्ड’ म्हटलं की नाटकाचा प्रयोग वाटतो, ‘कंडक्टेड’ परीक्षेला बरा, ‘एक्झिक्यूटेड’ नको, फाशी दिल्यावरही तोच वापरतात, असं त्या समजावत राहिल्या. अत्तरवाले मान डोलवत होते. मग हळूच म्हणाले, “सगळे जरा जडच होतात हो. आमची माणसं येतात, बघतात, लक्ष घालतात. तेवढंच सांगणारा द्या ना.”

“मग ‘अटेंडेड’ घाला,” बाई म्हणाल्या.

तेवढंच का सांगायचं आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मला फार राग आला होता त्यांचा. आता नाही येत. कुणीतरी आपल्याला काही विचारतंय, या आनंदात माणूस पुढचं विचारायला विसरतो.

‘ब्रेक अटेंडेड’, म्हणजे ब्रेककडे लक्ष दिलं, असं छापलेलं नवं कार्ड लागलं आणि कारागीर खुशाल सही करू लागला. मी मजल्यापेक्षा एक बोट वर थांबू लागले, मग दोन बोटं. कुणी ठेचकाळलं की मलाच शिव्या मिळायच्या. मला बोलता येत नाही, मित्रांनो. नीट न थांबणं, हीच माझी हाक होती.

आज यजमानांना दवाखान्यात न्यायचं आहे. चौथ्या मजल्यावर मी चार बोटं वर थांबले. गच्चीवरून जिन्याने उतरणाऱ्या कारागिराने हात दिला आणि बाईंनी चाकांची खुर्ची पाठमोरी ओढून घेतली. मोठी चाकं माझ्यात आली. यजमानांचे पाय आणि पुढची छोटी चाकं अजून बाहेर आहेत.

“ब्रेक तपासलात ना?” बाईंनी सहज विचारलं.

“अटेंड केलाय, मॅडम.”

“म्हणजे तपासलात?”

“अटेंड केलाय,” तो पुन्हा म्हणाला. मग त्याने मान खाली घातली. “तपासायला दिवस जातो. साहेब देत नाहीत. कार्डावर आहे तेवढं मी करतो.”

त्याने अवजारांची जड पिशवी खांद्यावर टाकली आणि तो जिन्याने निघून गेला.

बाई जिन्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कार्डाकडे पाहिलं. “काय झालं गं?” यजमानांनी विचारलं. त्या खुर्ची बाहेर ढकलू पाहताहेत, पण पुढे चार बोटांची पायरी आहे. यजमान तोंडावर पडतील म्हणून त्या थांबल्या आहेत.

आणि गच्चीवरचं माझं चाक सरकलं आहे, वजनं मला वर ओढताहेत. केसभरच. आता पुन्हा.

मित्रांनो, उद्या तुमच्याकडेही कुणी चांगला शब्द मागायला येईल. त्याला आधी विचारा, काम केलंत का? पण ते उद्याचं. आत्ता तुमच्यापैकी कुणी जिन्यावर असाल, शेजारच्या घरात असाल, तर धावत या. कुणाला दोष द्यायचा ते नंतर ठरवा. दोघांनी पुढची चाकं धरा, एकाने यजमानांना सावरा, खुर्ची उचला आणि बाहेर घ्या. मग बाईंना हात द्या. मी धरून आहे. माझ्याच्याने होईल तोवर मी धरून आहे.