मुलं किती?

कॉलेजात त्यांना सगळे ‘म्हणूनसर’ म्हणत. तर्कशास्त्र शिकवताना त्यांचं दर दुसरं वाक्य ‘म्हणून’ने सुरू व्हायचं. माणूस सरळ, पण शब्द तोलून मापून वापरायची खोड घरीही सुटली नव्हती.

नव्या फ्लॅटमध्ये सामान चढत होतं तेव्हा समोरच्या आजींनी पाण्याची बाटली आणून दिली आणि सहज विचारलं, “मुलं किती तुम्हाला?”

“नाहीत,” सर म्हणाले.

बायको हातातलं खोकं घेऊन आत गेली. दिवसभर ती आतली खोकीच लावत राहिली. संध्याकाळी सरांनीच विषय काढला.

“मी खोटं नाही बोललो. ‘आपली मुलं’ हा वर्ग आज रिकामा आहे. म्हणून...”

“म्हणून काय?” ती म्हणाली. तर्कशास्त्र दोघं एकत्रच शिकले होते, आणि गुण तिला जास्त पडले होते. “दरवर्षी पहिल्या तासाला ‘सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून तो मर्त्य आहे’ असं शिकवत त्याला माणसांत धरता. हजारो वर्षं झाली त्याला जाऊन, पण त्याला काही तिथून उठवलं नाहीत. आपल्या पोरीला मात्र तीन वर्षांत उठवलंत.”

खरं तर सरांनाही हे ठाऊक होतं. तर्कबिर्क सगळं मागून सुचलेलं. ‘एक’ म्हटलं की लोक पुढचा प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नाची त्यांना भीती वाटायची.

सकाळी रिकामी बाटली घेऊन त्यांनी समोरची बेल वाजवली.

“आजी, काल माझं उत्तर चुकलं. आम्हाला एक मुलगी.”

“अरे वा,” आजींचा चेहरा खुलला. “काय करते?”

आला प्रश्न. सरांनी बाटली घट्ट धरली.

“ती गेली. नऊ वर्षांची होती. चित्रं काढायची. घोडा काढला की त्याला पाच पाय. मी म्हणायचो, बाळा, घोड्याला चार पाय असतात, म्हणून हा घोडा नव्हे. तर ती...”

आजींनी त्यांच्या हातातली बाटली हळूच काढून घेतली.

“तर ती म्हणायची,” मागून आवाज आला. बायको आपल्या फ्लॅटच्या दारात कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. “म्हणायची, बाबा, घोडाच आहे तो. तुम्ही मोजू नका, नुसतं बघा.”