अक्कांची उत्तरं

चंद्रभागा जाऊन आठ महिने झाले होते, तेव्हा तिच्या नंबरवर कळवणहून आरोहीचा फोन आला. ही आरोही शेवंती लावते, नवं लग्न झालेली पोरगी. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

"दाजी, अक्कांना फोन द्या ना," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलेलं टॉनिक मारलं आणि माझ्या सगळ्या कळ्या करपल्या."

मी म्हणालो, "पोरी, अक्का वारली. पौष महिन्यात वारली."

ती म्हणाली, "मग परवा माझ्याशी कोण बोललं?"

चंद्रभागा माझी बायको. मखमलाबादला आमचा मळा आहे, झेंडू आणि शेवंती करतो. गणेशवाडीच्या फूलबाजारात तिच्या ओळखी झाल्या, आणि त्या ओळखींतून तिनं फोनमधल्या त्या मोठ्या ॲपवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'फूलमळा'. आधी आसपासच्या बाया होत्या. मग देवळा, कळवण, सुरगाण्यापर्यंतच्या आल्या. सगळ्या तिला अक्का म्हणायच्या, म्हणून मी सगळ्यांचा दाजी. ती क्रेटवर फोन टेकवून फुलं तोडायची आणि तोडता तोडता उत्तरं द्यायची. प्रश्न कितीही साधा असो, तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: पान उलटं करून फोटो पाठव. पानाची खालची बाजू बघितल्याशिवाय तिनं कधी कुणाला औषध सांगितलं नाही.

आणि आता कुणीतरी तिचाच फोटो लावून, तिच्याच नावाचं खातं काढून टॉनिक विकत होतं. फोटोत दसऱ्याचा झेंडू होता आणि तिची हिरवी साडी होती. मी तक्रार केली. ॲपकडून उत्तर आलं की यात कुठलाही नियम मोडलेला नाही. ग्रुपमधल्या बायांनी एकेक करून तक्रार केली. सगळ्यांना तेच उत्तर, शब्द न् शब्द तेच. समोर माणूस असता तर निदान एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असता.

तेव्हा संजनानं विषय काढला. संजना आडगावची, सासरी गुलाबाचं पॉलिहाऊस आहे आणि ती स्वतः कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. चंद्रभागा आजारी असताना ग्रुप तीच बघायची. ती देवळ्याच्या नवसाबाईंना घेऊन माझ्याकडे आली.

"दाजी, आपण इथून निघायचं," ती म्हणाली. "दुसऱ्या मोठ्या ॲपवर नाही. आपला आपला सर्व्हर टाकायचा. नाशिकचा एक, देवळ्याचा एक, सुरगाण्याच्या बचत गटाचा एक. तिन्ही एकमेकांना जोडलेले, पण वर मालक कुणी नाही."

नवसाबाई म्हणाल्या, "म्हणजे जिची तिची विहीर. पाणी मात्र एकमेकींच्या पाटात सोडायचं."

"तसंच. आणि कुणी पाण्यात घाण केली तर तेवढा पाट बंद करायचा. कुणाला अर्ज करायला नको."

मी नाही म्हणालो. सरळच सांगितलं, तुम्हाला जायचं तर जा, मी येणार नाही. रोज दुपारी जेवण झालं की मी तो ग्रुप उघडून तिनं लिहिलेलं वाचत होतो. तिचं असं बाकी काही माझ्याकडे नव्हतं. साड्या सुनेनं नेल्या, दागिना नातीला गेला. तिचं बोलणं तेवढं तिथे होतं. सगळ्या बाया निघून गेल्या तर त्या ओसाड जागेत ती आणि ती खोटी बाई, दोघीच राहणार होत्या. मला तिला तिथे सोडून यायचं नव्हतं.

संजनानं ऐकून घेतलं. म्हणाली, "अक्कांचं लिहिलेलं सगळं बाहेर काढता येतं. त्यांचा फोन हवा."

फोन चालू होता. मी तो रोज चार्ज करतो.

संजनानं त्या फोनवरून ॲपकडे मागणी टाकली आणि काही दिवसांनी फाईल आली. ती कागदावर छापून घेऊन संजना नवसाबाईंबरोबर आली. मी चष्मा लावून बसलो. वाचायला लागलो तर असं:

"हो, आजच."

"नको, अजून दोन तोडे होऊ दे."

"पान उलटं करून फोटो पाठव."

"रडू नको. मुळं पांढरी आहेत ना? मग जगेल."

पानामागून पान असंच. तारीख आणि तिचं वाक्य. कुणाला लिहिलं, कशाबद्दल लिहिलं, काही नाही.

"प्रश्न कुठे गेले?" मी विचारलं.

"प्रश्न दुसऱ्यांचे आहेत, दाजी. ॲप फक्त ज्याचं त्याला देतं. आणि ग्रुपवर इतकं जुनं आता उघडत नाही."

मी म्हणालो, असेना. नव्या जागेवर चंद्रभागाच्या नावाचं खातं काढ, तिचा फोटो लाव आणि हे असंच्या असं तिथे ठेव. मग मी येतो.

संजना कागद सारखे करायला लागली. नवसाबाईच बोलल्या. "तसं नाही जमणार दाजी. तिथे नियम केलाय. दोघींनी ओळख सांगितल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, आणि जी नाही तिच्या नावानं कुणी बोलायचं नाही. आज तुम्ही बोलाल, उद्या मी बोलेन, परवा तो टॉनिकवाला बोलेल. आरोहीचं काय झालं बघितलंत ना?"

मला राग आला. "जागा तिनं उभी केली आणि तिलाच आत घ्यायचं नाही? तिची ओळख सांगायला दोघी नाहीत?"

"ओळख सांगायला हजार आहेत," नवसाबाई म्हणाल्या. मग त्यांनी त्या कागदांवर हात ठेवला. "तुम्ही माझं ऐका. मालाची निवड करतो तशी याची निवड करू. हे सगळं कापा, ताडपत्रीवर पसरा आणि बायांना बोलवा. जिचं उत्तर आहे ती ओळखेल."

पितृपक्ष होता. पितृपक्षात फुलांना उठाव नसतो, त्यामुळे बायांना वेळ होता. आमच्या पॅकिंग शेडमध्ये आम्ही ताडपत्री अंथरली आणि तिच्यावर चिठ्ठ्या पसरल्या, महिन्यावार. पंखा बंद ठेवला. बाया येत गेल्या. कुणी रिक्षानं, कुणी स्कूटीवर, सुरगाण्याच्या तर जीप करून आल्या. चपला दाराशी काढून सगळ्या वाकून वाचत फिरायला लागल्या.

पहिला आवाज नवसाबाईंचाच आला. "हाई मनी शे!" त्या ओरडल्या. घाई झाली की त्यांची अहिराणी बाहेर पडते.

"कशावरून तुमची?" मखमलाबादचीच एक जण म्हणाली. "नुसतं 'हो, आजच' लिहिलंय. ती माझी पण असेल."

"तारीख बघ. पोळ्याच्या आदल्या दिवसाची शे. मी विचारलं होतं, गलांड्याची फुलं आज तोडू का पोळा झाल्यावर."

"आणि तुम्हाला अक्कांनी दोन शब्दांत उत्तर दिलं? तुमचा प्रश्नच अर्धा तास चालायचा."

"म्हणून तर दोन शब्द! बाई कंटाळली होती."

सगळ्या हसल्या. मग एकदम गर्दी झाली. ही माझी, ती तुझी, अगं ती नको घेऊ, ती निशिगंधाची आहे. 'पान उलटं करून फोटो पाठव' या चिठ्ठ्यांचा तर ढीग झाला. त्यावर कुणी हक्क सांगितला नाही, कारण त्या सगळ्यांच्याच होत्या. कुणीतरी त्या उचलून एका पाटीत भरल्या.

एक चिठ्ठी आरोहीच्या हाताला लागली. तिनं मोठ्यानं वाचली. "'नवऱ्याला विचारू नको. तो हो म्हणेल आणि मग फवारणी तुलाच करावी लागेल.' ही कुणाची?"

तीन हात वर आले. मग सगळ्या हळूच माझ्याकडे बघायला लागल्या.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हणालो. "फवारा मीच मारायचो."

"हो का दाजी? मग हे अक्कांना कुठून सुचलं?"

मलाही हसू आलं.

सुरगाण्याच्या सुलाबाई मात्र एका कोपऱ्यात चिठ्ठी धरून उभ्या होत्या. ती 'रडू नको'ची होती. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "मोगरा लावला व्हता दाजी. पाणी साचलं, सगळी झाडं बसली. घरात कोण बोलत नव्हतं माझ्याशी. मी एक झाड उपटून मुळांचा फोटो टाकला. तवा अक्का हे बोलल्या."

"मग जगला मोगरा?"

"अजून हाय," त्या म्हणाल्या. "या वर्साला नाशिकला माल घातला."

चंद्रभागानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. यातलं तिनं मला काहीच सांगितलं नव्हतं. रात्री जेवताना ती फक्त म्हणायची, आज सुरगाण्याचा फोन होता. मी घास चावत हो म्हणायचो. आणि इथे एवढ्या बाया उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात ती होती. माझा ऊर भरून आला. हे मी लपवत नाही.

त्या दिवसानंतर प्रत्येकीनं घरी जाऊन नव्या जागेवर लिहिलं. आधी स्वतःचा प्रश्न, जसा आठवला तसा. त्याखाली, अक्कांनी मला असं सांगितलं. खाली नाव स्वतःचं, गाव स्वतःचं. चंद्रभागाच्या नावाचं खातं कुणी काढलं नाही. मीही परत मागितलं नाही. एक खातं चोरता येतं. इतक्या बायांच्या तोंडचं कुणी कसं चोरणार?

काही दिवसांत त्या उत्तरांखाली दुसऱ्या बायाही लिहायला लागल्या. एकीनं लिहिलं, अक्कांनी लाल कोळी किडीसाठी सांगितलेलं औषध आता चालत नाही, कोळी त्याला सरावलाय, मी दुसरं वापरते. मला ते झोंबलं. नवसाबाईंचा लगेच फोन. "काढायला सांगू का, दाजी?" मी विचार केला आणि राहू दे म्हणालो. झेंडूचं बियाणं बदललं तेव्हा चंद्रभागानं स्वतःचंच उत्तर खोडून सगळ्यांना नव्यानं सांगितलं होतं, आणि त्यात तिला कमीपणा वाटला नव्हता.

मग जुना ग्रुप बंद करायचा दिवस आला. आम्ही निघालो, नवा पत्ता हा, एवढं लिहून कुलूप लावायचं होतं. संजना म्हणाली, अक्कांच्या फोनवरून लिहिलं तर सगळ्यांना दिसेल, ग्रुप त्यांच्या नावावर आहे. मी फोन हातात घेतला. तिच्या नावासमोरची रिकामी ओळ दिसत होती.

"नको," मी म्हणालो. "तूच लिही. तुझ्या नावानं."

तिनं लिहिलं. मी वाचून बघितलं. चांगलं लिहिलं होतं, थोडक्यात.

मला आत घ्यायला दोघींची ओळख लागणार होती. आरोहीनं आणि सुलाबाईंनी ती दिली. काय लिहिलं ते संजनानं दाखवलं: नाथा मौले, मखमलाबाद. झेंडू करतात. विचारलं तर खरं सांगतात.

पहिले कितीतरी दिवस मी नुसता वाचत होतो. मग दिवाळीनंतर एका नव्या पोरीचा प्रश्न आला. झेंडू लावून महिना होत आलाय, सासरे म्हणतात शेंडा खुडायचा, मला भीती वाटते, काय करू? दुपारची वेळ होती, बाया तोड्यात असणार. कुणी उत्तर देईना. मी बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं:

"खुडा. जीव होत नाही, पण खुडा. शेंडा काढला की बाजूनं फुटवे येतात आणि फुलं जास्त लागतात. मला चंद्रभागानं सांगितलं होतं. नाथा मौले."

तिचं लगेच आलं: "बरं दाजी. पण चंद्रभागा कोण?"

मी लिहायला सुरुवात केली. माझी बायको, एवढं झालं होतं, तेवढ्यात देवळ्याहून उत्तर आलं. ते वाचून होत नाही तोच सुरगाण्याहून आलं, मग कळवणचं, मग आडगावचं. मी माझं लिहिलेलं पुसलं आणि वाचत बसलो.